सगुणाच्या गावाला

"अहो, डावीकडं म्हैस!"

"दिसली," हे म्हणाले आणि त्यांनी स्कूटर हळू केली.

म्हैस रस्त्याच्या कडेला उभी राहून निवांत रवंथ करत होती. तिला वळसा घालून आम्ही पुढं निघालो. मी मागून पुन्हा सुरू केलं, "खड्डा आहे हं, डाव्या अंगाला. मोठा आहे. आणि पुढं ती बाई चाललीय, गवताचा भारा घेऊन. तिला हॉर्न द्या."

ह्यांनी हॉर्न दिला. खड्डा चुकवला. वर म्हणाले, "बोलत राहा गं. बरं वाटतं."

मी मागच्या सीटवर बसल्या जागी फुलून आले. आमच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली होती, आणि गाडी चालवताना माझं बोलणं ह्यांना बरं वाटल्याची ही पहिलीच खेप होती. आमचे हे एसटीचे ड्रायव्हर. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही, छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला. अशा माणसाला मागून सांगायचं म्हणजे आचाऱ्याला मीठ किती घालायचं ते सांगण्यासारखं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही मोटरसायकलवरून पाटणला एका मुंजीला चाललो होतो. मी एवढंच म्हटलं, "जरा हळू." तर ह्यांनी ओढ्यावरच्या एका मोरीवर गाडी थांबवली, खाली उतरले आणि किल्ली माझ्यापुढं धरून म्हणाले, "घे. तू चालव." मी नव्या शालूत, हातात आहेराचं ताट. त्या दिवसापासून मी गाडीवर बसले की तोंडाला कुलूप.

आणि आता म्हणे बोलत राहा! माणूस निवृत्त झाला की निवळतो, असं माझी आई म्हणायची. ते खरंच म्हणायचं.

निवृत्तीचंही एक गाऱ्हाणं होतं. नोकरीची तीन वर्षं शिल्लक असताना एक दिवस हे घरी आले आणि म्हणाले, "राजीनामा दिला. कंबर धरते." मी आठ दिवस भांडले. शेक दिला, तेल चोळलं आणि चोळता चोळता भांडले. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. कंबर तर एकदाही धरली नव्हती. उलट रोज सकाळी परसात दोन तास कुदळ मारायचे.

तर दसरा होऊन तीन दिवस झाले होते. पावसानं पाठ फिरवली होती, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं होतं, आणि आम्ही कराडहून काळमोडीला निघालो होतो. लेकीची, पल्लवीची, ती बिनगिअरची स्कूटर. लेक सासरी गेली आणि स्कूटर आमच्याकडं राहिली. ह्यांनी मोठा रस्ता सोडून वाडीवाडीतून जाणारे आडरस्ते धरले होते. "मोठ्या रस्त्याला ट्रक फार," म्हणाले. जन्मभर ट्रकांना बाजूला सारत आलेला माणूस! पण मला काय, आडरस्त्यानं डोंगर जास्त दिसतात.

काळमोडीला का, ते सांगते. काळमोडी हे ह्यांचं मुक्कामाचं गाव. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातलं. संध्याकाळची गाडी तिथं जायची, रात्री तिथंच थांबायची आणि सकाळी सहाला कराडला सुटायची. ती ड्यूटी ड्रायव्हर लोक टाळायचे, आणि आमचे हे मागून घ्यायचे. मागून! आणि परत यायचे ते हात भरून. कधी मध, कधी लोण्याचा गोळा पळसाच्या पानात बांधून, कधी नाचणी. "कुणी दिलं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगुणानं."

सगुणा झोरे. गवळी धनगराची. नवरा मुंबईला गोदीत कामाला आणि ही इथं म्हशी सांभाळून राहायची. मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी तिच्याकडं. वर्षानुवर्षं मी तिच्या ताकाची स्तुती ऐकत आले होते. माझ्या ताकाला ह्यांनी जन्मात "आंबट आहे" याखेरीज काही म्हटलं नव्हतं.

"एकदा बघू तरी द्या ही सगुणा," मी दरवर्षी म्हणायची. "नेईन," हे दरवर्षी म्हणायचे. यंदा दसऱ्याला सोनं देताना आपणहून म्हणाले, "चल, मंदा. काळमोडीला जाऊन येऊ. पुन्हा होईल न होईल."

मी त्यातलं "चल" तेवढं ऐकलं. जांभळी इरकल नेसले, लेकीनं दिलेले मोत्याचे कुडे घातले. नवरात्रातल्या कडाकण्या फडक्यात बांधून घेतल्या. कुणाच्या दारात जायचं तर हलक्यानं जाऊ नये, आणि त्या दारात सगुणा असेल तर मुळीच नाही.

घाट चढून आम्ही सड्यावर आलो. डोंगरमाथ्यावरचा तो सपाट खडकाळ माळ. मी आयुष्यात तसं काही बघितलं नव्हतं. नजर पोचेल तिथवर सोनकी फुललेली. हळदीचा भंडारा उधळावा तसा सगळा माळ पिवळा. मध्ये कुठं गुलाबी तेरड्याचे पट्टे. वाऱ्यानं सगळं एकदम डावीकडं वाकायचं आणि एकदम उठायचं.

"थांबवा, थांबवा!" मी ह्यांच्या पाठीत बुक्की मारली.

आम्ही एका कातळावर बसलो. मी थर्मासमधला चहा ओतला आणि कप ह्यांच्यापुढं धरला. हे समोर बघत बसलेले. मी धरूनच राहिले.

"घ्या की!"

हे दचकले. मग अख्खी मान माझ्याकडं वळवली आणि कप घेतला.

"असं काय घुबडासारखं मान फिरवून बघताय?" मी हसले. "बायको शेजारी बसलीय, झाडाच्या शेंड्यावर नाही."

"तुझी नवी साडी बघतोय."

"नऊ वर्षांची आहे ती. नुसती आज लक्षात आली एवढंच."

हेही हसले. मग बराच वेळ त्या फुलांकडं बघत राहिले. एकदा समोर, मग मान वळवून उजवीकडं, मग सावकाश डावीकडं. देवळात गेल्यावर माणूस एकेका देवापुढं थांबतो तसं. चहा गार झाला तरी उठेनात. शेवटी मीच म्हटलं, "चला आता. तुमच्या सगुणेचं ताक वाट बघत असेल."

सड्यावरून पलीकडं उतार लागला. अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. मी बोलत राहिले. वळण आलं, दगड पडलाय, शेरडं आली, पोरगं सायकलवर आलं. हे "हां, हां" करत प्रत्येक गोष्ट चुकवत होते. दोघांची अशी जुगलबंदी जमली होती की मला वाटलं, आपण उगाच तीस वर्षं गप्प बसलो.

काळमोडी म्हणजे वीसेक घरं. मधे एक पार, पाराभोवती गाडी वळायला मोकळी जागा. आम्ही थांबलो तशी समोरच्या कौलारू घरातून एक बाई बाहेर आली.

मी आधीच ठरवून ठेवलं होतं की ती एकतर म्हातारी तरी असेल नाहीतर दात पडलेली. तसलं काही नाही. माझ्याच वयाची, उंच, सरळ काठीसारखी. घारे डोळे. हातभर हिरवा चुडा. आणि चालणं असं की वाट तिच्या बापाची. मी नकळत पदर सारखा केला.

"साळुंखे डायवर!" ती म्हणाली. "आणि ह्या मंदावैनी. इरकल नेसूनशान आल्यात. बघा, मला वाटलंच हुतं, माझ्यासाठी नटून येतील."

मग ती हसली, मी हसले, आणि मला ती आवडली. काय करणार!

तिनं ओटीवर घोंगडी अंथरली. भाकरी, खरपूस भाजलेल्या मिरचीचा ठेचा, उकडलेलं वालाचं बिरडं आणि पितळी तांब्यात ताक. मी पहिला घोट घेतला आणि मनात म्हटलं, चल, मंदा, एवढं तरी कबूल कर.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"बरं आहे."

"डायवर म्हणायचं, वैनीच्या ताकाची सर न्हाई."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताटात बघत होते आणि कान लाल झाले होते. "मला तर आंबट म्हणतात," मी म्हणाले.

"आणि मला पातळ!" सगुणा म्हणाली. मग आम्ही दोघी असं हसलो की परड्यातली कुत्री भुंकायला लागली. एका पुरुषानं दोन घरी दोन तऱ्हेनं वागून दोन्ही घरचं ताक तीस वर्षं ओरपावं, ह्याला काय म्हणायचं!

जेवणं झाली. मी कडाकण्या दिल्या. तिनं मधाची बाटली आणून ह्यांच्यापुढं ठेवली, थोडी डाव्या बाजूला. ह्यांनी ताट सरकवायला हात हलवला आणि बाटली कलंडली. सगुणानं ती वरच्यावर धरली. मी "बघून की हो!" म्हणणार तेवढ्यात तिनं हलक्या आवाजात विचारलं,

"डोळं कसं हायेत आता?"

ह्यांनी ताट उगाच आणखी पुढं सरकवलं.

"कुणाचे डोळे?" मी म्हणाले.

सगुणानं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, मग अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरकडं. तिच्या तोंडावरचं हसू मावळलं. "कराडास्नं गाडी कुणी चालवत आणली?"

"ह्यांनी. दुसरं कोण चालवणार?"

"आणि वैनी, तुम्ही चालवू दिलासा?"

"सगुणा, राहू दे," हे म्हणाले.

"न्हाई राहू देणार. तुम्ही देवाची आण घातलीसा, मी तोंड मिटून बसले. पण ती आण येष्टीची हुती. फटफटीची नव्हती." ती माझ्याकडं वळून बसली. "वैनी, दीड वरसामागं, सकाळच्या गाडीची येळ. डायवर पाराला वळसा घालून गाडी वळवत हुतं. कंडक्टर च्या पीत बसलेला. मी हितं, पाराच्या डाव्या कोपऱ्याला, रेडकू धरून बसले हुते. भर उजेड. मला वाटलं, मी दिसतीय. गाडी आली ती आलीच. मी वरडले तवा थांबली. एवढं." तिनं हाताची वीत करून दाखवली. "एवढं अंतर राहिलं."

"डायवर खाली उतरलं, गाडीच्या पायरीवर बसलं. म्हणालं, सगुणा, तू मला दिसलीच न्हाईस. मी समोर बघत हुतो आणि तू न्हवतीसच. मी म्हटलं, अवो, पाणी प्या. तर पाण्याचा तांब्या पण चाचपून घेतला."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्या वेळी ह्यांनी मान पूर्ण वळवली आणि माझ्या नजरेला नजर दिली.

"काचबिंदू आहे," म्हणाले. "मोतीबिंदू काढता येतो. ह्याचं गेलेलं परत येत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं गं, सुईत दोरा ओवेन मी. पण बाजूचं नाही. नळीतून बघितल्यासारखं. डावीकडचं तर फारच कमी. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत. आहे तेवढं टिकेल म्हणाले."

"ते रोज थंडाव्याचे म्हणून घालता, ते थेंब?"

"तेच."

"आणि कंबर?"

"कंबरेला काही झालेलं नाही."

मी उठले आणि अंगणात गेले. तिथं करायचं तर काही नव्हतं, म्हणून स्कूटरच्या सीटवरची धूळ पदरानं पुसत उभी राहिले. आठ दिवस मी ह्या माणसाला कंबरेवरून बोलले होते. एक माणूस दिसलं नाही म्हणून ह्यानं दुसऱ्या दिवशी आपला बिल्ला काढून ठेवला, आणि मी तेल चोळता चोळता म्हणाले होते, "कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही." मला रडू येत होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर आलं, आणि रडू तिथंच थांबलं. हे मागं येऊन उभे होते.

"डॉक्टर गाडी चालवा म्हणाले?"

"नाही."

"नको म्हणाले?"

"हां."

"एसटीत पन्नास माणसं होती म्हणून तुम्ही नोकरी सोडलीत. आणि माझी एकटीची काही किंमत नाही? मला मागं बसवून घाट चढवलात? ती दरी माझ्या उजव्या हाताला होती!"

"मंदा, तसं नाही."

"मग कसं?"

ह्यांनी पायानं एक खडा इकडचा तिकडं केला. "तू बोलतेस ना," शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"तू मागं बसलीस की सांगत असतेस. म्हैस आली, खड्डा आला, बाई आली. मला म्हैस दिसतच नव्हती. तू म्हणालीस म्हणून होती. मला वाटलं, तेवढ्यावर एक दिवस निभेल. तुला हा रस्ता दाखवायचा होता. माझ्या हातानं दाखवायचा होता."

म्हणजे वाटेतलं ते "बोलत राहा, बरं वाटतं"! मी साडी सावरत, फुलून बसले होते, आणि ह्या माणसानं मला गाडीचा डावा आरसा करून ठेवलं होतं!

"आणि मी बोलायची थांबले असते तर?"

"तू?" हे म्हणाले.

मला हसायचं नव्हतं. देवाशपथ सांगते, मला त्या घडीला ह्यांचा गळा धरायचा होता. पण ओटीवरून सगुणा फिसकन हसली, आणि मग माझाही बांध फुटला. हसता हसता मी रडत होते की रडता रडता हसत होते, ते मला आजही सांगता यायचं नाही. ह्यांनी खिशातला रुमाल काढून दिला. मी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि हात पुढं केला.

"किल्ली द्या."

"मंदा, घाट आहे."

"किल्ली."

"तू पल्लवीची गाडी उसात घातली होतीस."

"उसात घातली होती. माणसावर नाही."

मी बोलले आणि माझंच मला टोचलं. पण शब्द निघून गेला होता. ह्यांनी किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मोरीवर एकदा दिली होती तशी नाही. दोन्ही हातांनी.

खरं सांगायचं तर मला स्कूटर येत होती असं नाही. पल्लवीनं लग्नाआधी चार दिवस मैदानावर शिकवलं होतं. पाचव्या दिवशी उसाचा फड आडवा आला आणि माझं शिक्षण संपलं. पण बिनगिअरची गाडी, हातानं पिळलं की जाते, दाबलं की थांबते. आणि शिकवायला मागं एकोणतीस वर्षांचा घाटातला ड्रायव्हर. सगुणानं माझी इरकल काष्ट्यासारखी वर खोचून दिली आणि कानात म्हणाली, "वैनी, आता ताक न्यायला तुम्हीच या. ह्यांस्नी पिशवीसारखं मागं बांधून आणा."

पाराभोवती मी तीन चकरा मारल्या. पोरं गोळा झाली. मग हे मागं बसले. मी त्यांना पहिल्यांदाच मागं बसलेलं बघत होते, म्हणजे बघत नव्हते, पाठीला कळत होतं. त्यांना हात कुठं ठेवावेत तेच कळेना. आधी मांडीवर, मग सीटखाली, शेवटी माझ्या खांद्यावर.

"आता एक ठरवू," ते म्हणाले. "मी ओरडलो तर तू दचकशील. खांद्यावर एक टपली म्हणजे थांब, दोन टपल्या म्हणजे चल. एसटीची घंटी असते तशी."

आणि दोन टपल्या मारल्या.

आम्ही निघालो. बैलगाडीनं मागून येऊन पुढं जावं अशा बेतानं. पहिल्या वळणावर मी देवांची नावं घेत होते. "वळणावर दरीकडं बघायचं नाही," मागून आवाज आला. "जिकडं जायचं तिकडं बघायचं. गाडी नजरेमागं जाते." दुसऱ्या वळणावर मी तसं केलं, आणि गाडी खरंच गेली. तिसऱ्या वळणावर मला जरा मजा यायला लागली, तेव्हा लगेच एक टपली बसली. मी घाबरून ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"काही नाही. जोरात चाललीस."

काट्यावर वीस होते. मी म्हटलं, "अहो, एसटी काय ढकलत नेत होता का?" तर मागं हसण्याचा आवाज आला. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं मोकळं हसू. दीड वर्षातलंच म्हणा.

त्याला आता बारा वर्षं झाली. पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर कोल्हापूरला डॉक्टरांकडं गेले, आणि तेव्हापासून दर चार महिन्यांनी जातेय. नजर थोडी आणखी आक्रसली, पण फार नाही. सुईत दोरा अजून तेच ओवून देतात. थेंब मी घालते, आणि घालताना आधी शिव्या घालते. स्कूटर त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही. लायसन काढायला मी गेले त्या दिवशी हे माझ्या आधी तयार होऊन दारात उभे होते. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी आम्ही अजून घाटातच होतो.

सडा दोनच वळणांवर राहिला असेल, तेवढ्यात ह्यांनी खांद्यावर एक टपली मारली. "थांब. तीनची गाडी येतीय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग वरच्या वळणामागून घरघर आली, आणि मागोमाग लाल एसटी तोंड काढून आमच्या पुढ्यात उभी राहिली. रस्ता अर्ध्याहून जास्त तिनंच व्यापला होता. मागं उतार, बाजूला दरी, आणि समोर ते धूड. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला आणि हातानं खूण केली, मागं घ्या.

"मी मागं घेते, मागं घेते," मी पुटपुटले.

"घ्यायची नाही," हे म्हणाले. आवाज एकदम बदलला होता. तो मी कधी न ऐकलेला, त्यांच्या ड्यूटीवरचा आवाज. "घाटात मान चढणाऱ्या गाडीचा. उतरणाऱ्यानं वाट द्यायची. तू चढतीयस. हलू नको."

ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "ओ काकू! गाडी येत नाही तर घाटात कशाला..." आणि तिथंच थांबला. "साळुंखेमामा? मी मोकाशी. मामा, तुम्ही मागं?"

खात्यात ज्या माणसाच्या नावानं नव्या पोरांना घाट शिकवायचे, तो बायकोच्या पाठीमागं, तिच्या खांद्याला धरून बसलेला. बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. मला वाटलं, हे आता उतरतील. म्हणतील, सहज बसलो होतो, गंमत म्हणून. उतरले असते तरी मी काही म्हटलं नसतं.

ह्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. उलट घट्ट केला.

"मोकाशी, मला दिसत नाही," ते मोठ्यानं म्हणाले. सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं. "बाजूचं दिसत नाही. म्हणून गाडी ही चालवते. चढाची गाडी आहे. मागं घे."

मोकाशीचं डोकं आत गेलं. कंडक्टर खाली उडी टाकून मागं पळाला, शिट्टी वाजायला लागली आणि ती अख्खी एसटी, चाळीस माणसांसकट, एक एक हात मागं सरकत वरच्या रुंद जागेपर्यंत गेली आणि डोंगराला चिकटून उभी राहिली. माझ्यासाठी.

"चल आता," हे म्हणाले. "सावकाश. नजर वर."

मी निघाले. एसटीच्या बाजूनं जाताना बायका खिडकीतून टाळ्या वाजवत होत्या, एक म्हातारी "वाघीण गं, वाघीण!" म्हणून ओरडली. मी मान हलवली नाही. पण उजव्या हाताला मोकाशीची खिडकी आली तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं. ताठ बसून त्यानं हात कपाळाला लावला होता.

वळण संपलं. सड्यावरचा पिवळा माळ समोर उघडला. आणि गाडी चालली होती.

"मोकाशीनं काय केलं?" मागून प्रश्न आला. "माझ्या बाजूला होता, दिसलं नाही."

"सलाम केला. तुम्हाला."

"मला कशाला करेल?" हे म्हणाले. "घाटात सलाम गाडी चालवणाऱ्याला असतो."

मी पाठ ताठ केली. मग म्हटलं, "असं होय! मग मीही उलटा सलाम करायला हवा होता की."

"दोन्ही हात हँडलवर ठेव," हे घाईघाईनं म्हणाले.